‘क्ष’चे फल

जुन्नर,
ता. ६ मे १९०९

चि. सौ. ठकू हीस साळूआत्याचा आशीर्वाद.

तुझे पत्र बिबिजानने आज दुपारी गोणपाटाच्या गठ्ठ्यातून काढून दिले. त्याला ताकाचा वास येत होता. पण अक्षर जागच्या जागी आहे हे पाहून बरे वाटले. सासरी गेल्यावर मुलींचे आधी अक्षर वाकते आणि मग पाठ, हे मी तीस वर्षे पाहत आले आहे. तुझे अजून वाकलेले नाही. तसेच ठेव.

इकडे सर्व ठीक म्हणायचे. तुझ्या वडिलांनी, आमच्या भिमाजीने, परसाला नवे दार बसवले आहे आणि ते नीट लागते की नाही हे ते दिवसातून चार वेळा पाहतात. टपालात टाकायचे पत्र आधी भिमाजीला दाखवावे लागते. एकोणीस वर्षे मी मुलींच्या शाळेची मुख्य शिक्षिका होते. माझी सही पाहून इन्स्पेक्टर साहेब चष्मा पुसायचे. आता माझ्या पत्रात काय आहे ते हा धाकटा भाऊ मला विचारतो. म्हणून पत्रे बिबिजानच्या हाती. ती कागदी मोहल्ल्यातली, नवऱ्यामागे कारखाना तीच बघते, आणि लगद्यासाठी फाटके गोणपाट आणि जुने दोर गोळा करत गाडी घेऊन गावोगाव हिंडते. दहा-बारा दिवसांनी तुझ्या सासरी राजुरीला तिची फेरी असते. तिला वाचता येत नाही, म्हणून ती पत्र उघडत नाही. ज्यांना वाचता येते त्यांच्यापेक्षा ही बरी.

लोणचे घातले. कैऱ्या ओतूरच्या, निम्म्या आतून काळ्या.

आता कामाचे. पुण्याचे कॉलेज २१ जूनला उघडते. तुझ्या प्रवेशाचे पत्र माझ्या पेटीत आहे. कॅम्पातल्या कॉन्व्हेंटच्या मदरनी बोर्डिंगात तुझ्यासाठी खाट राखली आहे, पण ती २१ पर्यंतच. त्यानंतर खाट दुसरीची. राजुरीचे लोक तुला ‘महिनाभर’ म्हणून घेऊन गेले, तो महिना उद्या भरतो. त्यांच्याकडे महिने किती दिवसांचे असतात ते बघू. तोवर हात रिकामा ठेवू नको. कॉलेजात पुढे कॅल्क्युलस आहे, ज्याला पंडित लोक चलनकलन म्हणतात, आणि तिथले साहेब हल्ली रेघा आणि आलेख यांवाचून बोलतच नाहीत असे ऐकते. आमच्या वेळी हे नव्हते. तेव्हा पायापासून उजळणी करू.

सोबत चौकटीचा कागद आहे. पुण्यात छापील मिळतो, इथे कोण देणार? कागदावर ओळी उमटाव्यात म्हणून कागदी लोकांकडे एक पाटी असते, तिला मिस्तर म्हणतात. पाटीवर दोरे ताणलेले असतात; कागद वर ठेवून बोट दाबत नेले की ओळी उठतात. मी बिबिजानला म्हटले, आडवे आहेत तसे उभेही दोरे बांध. ती माझ्याकडे बघत राहिली. “सोंगट्या खेळायच्या हायेत का बाई?” म्हणाली. पण दोन दिवसांत बांधून आणली, आणि चौकटी अशा नेमक्या की माझ्या जुन्या शाळेच्या ड्रॉइंग मास्तरने शरमावे.

मधली आडवी रेघ शाईने गडद कर, ती ‘क्ष’ची. मधली उभी गडद कर, ती ‘य’ची. आता य = २क्ष + १ हे घे. क्ष शून्य तर य एक, क्ष एक तर तीन, दोन तर पाच, तीन तर सात. ठिपके दे आणि पट्टी लाव. चारी एका रेघेत बसले पाहिजेत. न बसल्यास चूक तुझी, गणिताची नव्हे. एक घर आडवे गेलीस की दोन घरे वर चढतेस, म्हणून या रेघेचा चढ दोन.

जुन्नरहून घाटघरला निघाले की गाडीच्या बैलांनाही कळत नाही इतका चढ हळू. पण घाटघर ओलांडून नाणेघाटाच्या तोंडाशी उभी राहा, खाली कोकण सरळ तुटलेले. तिथे आडवे जाणेच नाही. उभ्या रेघेचा चढ किती, असे परीक्षेत विचारतील. मोठा आकडा ठोकून देऊ नको. ‘सांगता येत नाही’ असे लिही. जे सांगता येत नाही ते तसे लिहिणे हेही गणितच आहे.

आडव्या रेघेचा चढ शून्य. क्ष कितीही पुढे जावो, य जागचा हालत नाही. उदाहरण हवे असेल तर माझा दिवस घे.

तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीत तू जे विचारले आहेस, त्याचे उत्तर नंतर देईन. आज कागद संपला.

तुझी आत्या,
साळुबाई


जुन्नर,
ता. १९ मे १९०९

चि. सौ. ठकू हीस आशीर्वाद.

रेघा पाहिल्या. माझी एक आणि तू मनाने काढलेल्या चार, पाचही बरोबर. चौथीत शाई सांडली आहे, ती कोंबडीने सांडली असे लिहितेस. मान्य करते, कारण शाळेत असताना तू सबबी सांगणारी नव्हतीस.

तुझ्या सासूबाई कुशाबाई आपल्या लेकाचे, चांगदेवरावांचे, पत्र तुझ्याकडून तीन-तीनदा वाचून घेतात हे वाचून हसू आले. क्वेट्ट्याच्या पलटणीतून आलेल्या पत्रात असते काय? तूच लिहितेस की बैलाविषयी दोन पाने आणि तुझ्या शिकण्याविषयी एक अक्षर नाही. एवढ्यासाठी मॅट्रिक झालेली मुलगी अडकवून ठेवायची, म्हणजे दळणाला घड्याळ लावण्यासारखे झाले. कुशाबाईंना म्हणावे, गावात पंतोजी आहेत, त्यांच्याकडून वाचून घ्या. पण अडाणी माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. तू घालू नको.

आज नवा शब्द. इंग्रजीत याला फंक्शन म्हणतात. मी ‘फल’ म्हणते, आणि मला तो शब्द आवडतो. क्ष घातला आणि य हाती आला, तर य हे क्षचे फल. नियम एकच: एका क्षला फल एकच. निरनिराळ्या दोघांना एकच फल आले तर हरकत नाही, पण एकाला दोन येता कामा नयेत. तुझ्या पत्रावरून दिसते की कुशाबाई एकाच प्रश्नाला सकाळी ‘हो’ म्हणतात आणि दिवेलागणीला ‘न्हाई’. त्या फल नव्हेत.

सोबतच्या कागदावर मोठ्या अक्षरात कोष्टक घालून दिले आहे. कागदाच्या कपाळावरच लिहिले आहे: ‘क्ष तीन असता फल सात. फल एकच. हा कागद जपावा, ओलावा लागू देऊ नये, परक्याच्या हाती देऊ नये.’ तू कागदांची काळजी घेत नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून.

कागदाच्या मागे दुसरी रेघ काढ. य बरोबर क्षचा वर्ग. शून्याला शून्य, एकाला एक, दोनाला चार, तिनाला नऊ, डावीकडेही तसेच. ठिपके पट्टीने जोडू नको, हाताने गोल जोड. परातीसारखी रेघ निघेल, मध्ये खोल आणि दोन्ही कडांना वर.

तू म्हणशील, हिचा चढ किती? तुझा स्वभाव मला माहीत आहे. ही रेघ दर पावलाला अधिक उभी होत जाते, तेव्हा एका ठिपक्यावर उभे राहून तिचा चढ कसा सांगायचा? प्रश्न चांगला आहे. तो पुढच्या पायरीचा आहे. पाया पक्का झाला की पुढच्या पत्रात सांगेन.

कुशाबाईंनी ‘आषाढात बघू’ म्हटल्याचे कळले. आषाढात बघून काय उपयोग, २१ जून काय त्यांच्यासाठी थांबणार आहे? भिमाजीकडे विषय काढला. त्याने पान खाल्ले.

तुझा तो शेवटचा प्रश्न याही पत्रात आहे. पाहिला. डोळे हल्ली लवकर थकतात.

आत्या


जुन्नर,
ता. १० जून १९०९

ठकू,

बिबिजान आत्ता येऊन गेली. ती सांगत होती आणि हसत होती.

माझा कागद तुमच्या देव्हाऱ्यात आहे म्हणे. हळदकुंकू वाहिलेला. कुशाबाईंनी तो पंतोजींकडून वाचून घेतला, आणि ‘क्ष तीन असता फल सात’ हे गावभर झाले. तिसऱ्या वर्षी सात, असा त्याचा अर्थ लागला. सात काय, तर लेकरे. चौकटी, आकडे, वर ‘परक्याच्या हाती देऊ नये’, आणि आणून देणारी मुसलमान बाई. पिराचा तावीज याहून वेगळा कसा असतो? शेजारच्या बायडाबाई आपल्या लेकीसाठी तसाच कागद मिळेल का म्हणून नारळ घेऊन आल्या. बिबिजान म्हणते, “मला विचारत्यात, तुज्या कोन्च्या पीराचं हाय? मी काय बोलनार बाई? गोनपाट पन आता जास्त मिळाया लागलंय.”

मी कॉन्व्हेंटात वाढले. बाबा कॅम्पातल्या कोठारावर हवालदार होते, आई गेली, आणि मदरनी मला नऊ वर्षांची असताना आत घेतली. तिथे मी पहिली गोष्ट शिकले ती ही की शब्द तोलून वापरावा. आणि चाळीस वर्षांनी असा शब्द निवडला की त्याची मुलीच्या पायात बेडी झाली. ‘सासूबाई म्हणतात, फल येईपर्यंत वेस ओलांडायची नाही,’ असे तू लिहितेस. नवरा क्वेट्ट्याला, सुट्टी दिवाळीनंतर, आणि फल येईपर्यंत म्हणे. मला राग कुशाबाईंचा यायला हवा. तो येतोच आहे. पण कागदाच्या कपाळावर ते अक्षर माझे आहे.

तुझ्या पत्रात एवढीच एक ओळ आणि त्याखाली तोच प्रश्न. तिसऱ्यांदा. ‘आत्या, त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत?’

मे महिन्यात मी लिहिले होते की कागद संपला. संपला नव्हता. बिबिजानने बारा ताव दिले होते. डोळेही थकलेले नाहीत.

त्या दिवशी राजुरीची गाडी दारात उभी होती आणि तुझे चुलतसासरे ओसरीवर पाणी पीत होते. भिमाजीने मला माजघरात बोलावले. तो चिडलेला नव्हता, हे लक्षात ठेव. शांतपणे म्हणाला, “आक्का, तिला शिकवायची तुमची हौस हाय, तर आपल्या घरी न्हेऊन शिकवा. हे घर माझं हाय.”

एवढेच. मला घर नाही हे त्याला माहीत होते आणि मला माहीत होते. शाळेची खोली शाळेला परत गेली होती. नवऱ्याचे घर मी लग्नाच्या दिवशी पाहिले तेवढेच. मी म्हणायला हवे होते की मुलीची आई गेल्यापासून तिला मी वाढवली, तिच्या प्रवेशावर माझी सही आहे, गाडी रिकामी परत पाठव. हे सगळे वाक्य माझ्या तोंडात तयार होते, व्याकरणासकट. तीस वर्षे मी मुलींना सांगत आले की बोला, तोंडात बोळा घालून उभ्या राहू नका. आणि मी बाहेर आले, तुझी लुगडी घडी घालून पेटीत ठेवली, आणि पेटीची कडी मी लावली. तू माझ्याकडे बघत होतीस. मी ‘महिनाभराने येशील’ म्हटले. ते खोटे आहे हे मला तेव्हाच ठाऊक होते.

म्हातारपणी छप्पर जाईल या भीतीने मी तुला दिले. याहून गोड शब्दांत ते लिहिता येत नाही, आणि येत असते तरी लिहिले नसते.

१४ तारखेला बिबिजानची फेरी आहे. मी तिच्या गाडीत बसून राजुरीला येते. भिमाजीला आज सांगितले. तो म्हणाला, जा. परत आल्यावर दार कुणी उघडलं न्हाई तर बोलू नका. मी म्हटले, दार नवे आहे, चांगले लागते, मी पाहिले आहे.

कुशाबाईंना तोंडावर सांगणार आहे की हे यंत्र नव्हे, शाळेतले गणित आहे, आणि फल म्हणजे मूल नव्हे. चिडल्या तर चिडू देत. तू मध्ये बोलू नको. एकदा तरी मला बोलू दे.

साळुबाई


राजुरी,
ता. ३० जून १९०९

चि. सौ. ठकू हीस अनेक आशीर्वाद.

तू १९ तारखेला बोर्डिंगात पोचल्याचे मदरचे कार्ड मिळाले. तुझे पत्र त्यानंतर आले. खाट खिडकीपाशी मिळाली हे वाचले. थंडीत सरकवून घे.

तू गेलीस तेव्हा मला विचारलेस की मी मागे का राहते, आणि मी ‘नंतर लिहीन’ म्हटले. माझ्या ‘नंतर’वर तुझा विश्वास उरलेला नसेल. म्हणून हे पत्र.

मी आले त्या दुपारी कुशाबाईंनी तुला हंडा देऊन विहिरीवर धाडले. घरात दोन हंडे भरलेले होते, ते मी येता येता पाहिले होते. त्यांनी मला ओट्यावर घोंगडी टाकून दिली, गुळपाणी दिले, आणि समोर बसल्या. मी पाठ केलेले बोलू लागले. हे यंत्र नाही, तावीज नाही, पुण्याच्या कॉलेजात शिकवतात ते गणित आहे. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “विहीणबाई, पंतोजीनं मला पयल्या दिशीच सांगितलं व्हतं, हिसाबाचं हाय म्हून. मीच त्याला म्हनलं, तू गप ऱ्हा.”

मी हातातले गुळपाणी खाली ठेवले.

त्या म्हणाल्या, भावकीतले लोक कुजबुजायला लागले होते. सून कागद लिहिते, बाहेरची बाई कागद नेते-आणते, लिहिते कुणाला? त्यांचे दीर, तुझे चुलतसासरे, म्हणाले, सगळे चुलीत घाला. “चुलीत घातलं असतं का न्हाई? आता यंत्र म्हनल्यावर कोन हात लावतंय. देव्हाऱ्यात ठिवलं आन पोरीला म्हनलं, बस लिवत. रोज एक लिवायचं, असं पिरानं सांगितलंय म्हनलं.” हे सांगताना त्या किंचितही हसल्या नाहीत. मी त्यांना अडाणी लिहिले होते. तू ते वाचून दाखवले नसशील अशी आशा करते.

मी विचारले, मग तिला अडवता का?

त्या पायाचे बोट चोळू लागल्या. मग जे बोलल्या ते तसेच लिहिते. तुला थोरला दीर होता, जानकू नावाचा, तुझे लग्न व्हायच्या आधी वारलेला, एवढे तुला माहीत आहे. तोही पलटणीत होता.

“पत्र आलं. पंतोजी लगनाला गावाला गेलेला. आमच्यात वाचनारं कोन न्हाई. मला वाटलं, सुट्टी मिळाली आसंल. सुट्टी मिळाली की तो पत्र धाडायचा. मी पत्र कोनाड्यात ठिवलं आन भिंती सारवाया घेतल्या. सगळं घर सारवलं. त्याला लाडू लई आवडायचं, तं लाडू केलं. नऊ दिस. रोज वाटंकडं बघायची. पंतोजी आला नवव्या दिशी, त्यानं पत्र उलगडलं, आन वाचंना. मी म्हनलं, वाच की रं.”

पत्र पलटणीच्या इस्पितळातून आलेले होते, एवढे कळले.

“आता धाकला तिकडं हाय. ही पोरगी घरात आली तवापासून मी झोपती. पत्र आलं की दारातच वाचून व्हतं. ती गेली तर मी पत्र घिऊन कुनाच्या दारी हिंडू? फल-बिल मी गावाला सांगते. मला वाचनारं मानूस पायजे घरात.”

ठकू, मी हजार-दीड हजार मुलींना वाचायला शिकवले असेल. वाचन कशासाठी, यावर निबंध घातले. बक्षीस समारंभात भाषणे केली. नऊ दिवस कोनाड्यात पडलेले पत्र माझ्या एकाही भाषणात नव्हते.

मग त्या म्हणाल्या, “तुमी ऱ्हाता का? तुमी ऱ्हात असाल तर पोरगी उद्या जाऊ द्या.”

त्यांनी सोपा सौदा मांडला होता. एक माणूस जाईल, एक राहील. मी विचार करायला वेळ मागितला नाही. माजघरात एकदा विचार करत उभी राहिले होते, ते पुरेसे झाले. तुझा हंडा दारात वाजला तेव्हा ठरून गेले होते. दुसऱ्या दिवशी तुझ्या पेटीची कडी मीच लावली, ते तू पाहिलेस.

आता इथली हकीकत. तू समजतेस तसे माझे इथे छान चालले आहे असे काही नाही. बाजरीच्या कणगीला लागून माझी वळकटी. कोंबडी माझ्या ट्रंकेत अंडे घालते आणि मला टोचते. परवा ओतूरच्या बाजाराला जाते म्हटले तर कुशाबाई म्हणाल्या, पत्र आलं तर? शेजारी बायडाबाईंकडे पूजेला जाते म्हटले तरी तेच. पोस्टाचा माणूस आठवड्यातून एकदा येतो, पण कोणत्या वारी येईल याचा नेम नाही, म्हणून सातही वार माझे गेले. भिमाजीने निरोप पाठवला आहे की माझ्या खोलीत त्याने गवत भरले. त्या घरात मी पाहुणी होते. इथे मी ओलीस आहे. सकाळी ओट्यावर बसले की समोर रस्ता सरळ आळे गावाकडे जाताना दिसतो, आणि त्यावर मला वीस पावलेही जाता येत नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. म्हणजे, लिहिते आहे तक्रार म्हणूनच. पण ती तुझ्याविरुद्ध नाही.

आणखी एक राहिले आहे.

परातीसारख्या रेघेचा चढ. मी ‘पुढच्या पत्रात’ म्हटले आणि लिहिले नाही. मला तो येत नव्हता. येत नाही. मी सतरा वर्षांची असताना कॉन्व्हेंटात एक वयस्क सिस्टर बीजगणित शिकवत असे. तिने एके दिवशी पुस्तक मिटले आणि सांगितले, मुलींना इथवर पुरे. पुढे काय आहे ते मी कधी पाहिले नाही. तुझ्यासाठी पुण्याहून मागवलेल्या गणिताच्या इंग्रजी पुस्तकाची पुढची पाने छापखान्यातून आली तशीच, न कापलेली, एकमेकींना जोडलेली होती. मी ज्या धड्यापर्यंत शिकवत होते तिथवरच चाकू फिरवलेला होता. मी तुझ्याहून दोन पाने पुढे होते, त्याहून जास्त नाही. मी येताना आणलेले ते पुस्तक तू इथे पेटीत ठेवताना जोडलेली पाने अंगठ्याने उचलून पाहिलीस आणि वर लुगडी रचलीस. मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होते, पण मला दिसले.

आणि तू गेल्यावर देव्हारा पुसताना तो कागद खाली आला. मागच्या बाजूला, हळदीखाली, तुझे अक्षर. एकाच्या ठिपक्यापासून दोनाच्या ठिपक्यापर्यंत चढ तीन. दीडपर्यंत अडीच. एक पूर्णांक एक दशांशापर्यंत दोन पूर्णांक एक दशांश. त्याहून जवळ, त्याहून जवळ, आणि शेवटी लिहिलेस: ‘दोनाच्या जवळ जवळ जाते. दोनच असावा का?’ तारीख २ जून. म्हणजे माझी वाट न पाहता तू ते काढलेस, आणि मला लाज वाटू नये म्हणून कळवले नाहीस.

दोनच असावा का, ते मला सांगता येत नाही. तसे लिहावे असे मीच शिकवले आहे, म्हणून लिहिते.

आता पाने तू काप. काय निघते ते मला कळव, पायरी पायरीने, ज्या मुलीला काहीच येत नाही तिला लिहावे तसे. चौकटीचे कागद मी बिबिजानच्या हाती धाडते. मिस्तर तिच्याकडेच आहे. आता बायडाबाईंसारख्या बायकांसाठी ती स्वतःच चौकटी उठवून देते, रिकाम्या. रिकाम्या असल्याने त्यांत खोटे काही नाही असे तिचे म्हणणे.

कुशाबाई शेजारी बसून बघत आहेत. हे पत्र चांगदेवरावांना नसून तुला आहे, हे दोनदा सांगितले; तरी त्यात बैलाचे लिहायला सांगतात. बैल बरा आहे. परवा मी त्यांना म्हटले, रोज मला अडकवून बसता, त्यापेक्षा अक्षरे शिका, म्हणजे मी सुटेन. त्या म्हणाल्या, “शिकवा की. पन मी शिकले तर तुमी जाल.” तरी काल त्यांनी कोळसा घेतला आणि चुलीमागच्या भिंतीवर एक अक्षर काढले. अ नाही, क नाही. देव्हाऱ्यात महिनाभर समोर होते ते. मी मुळाक्षरांच्या शेवटी शिकवते ते त्यांना आधी आले.

तुझ्या पत्रांना त्यांचीही सही असावी असा हट्ट आहे. तेव्हा खाली माझ्या नावानंतर जे वाकडे अक्षर दिसेल, त्यात चुका काढू नको.

तुझी आत्या, सध्या राजुरीची,
साळुबाई

क्ष